एकशेवीस मीटर जाळी आणि दहा गुंठे

“तुम्ही फक्त सांगा, एकशेवीस मीटर जाळी पुरते ना?” मळवलीच्या फार्महाउसवर मी पोचतो न पोचतो तोच मालक देसाईसाहेबांनी विचारलं.

“पुरायला हवी,” मी म्हणालो. जमीन मोजण्यात तीस वर्षं काढलेला सर्व्हेयर मी, उत्तर तयारच असायचं.

शेजारी उभ्या असलेल्या केअरटेकर दगडूभाऊंचा चेहरा पडला.

साहेबांना भाजीपाल्यासाठी दहा गुंठ्यांचा आयत आखून जाळी मारायची होती. किती जाळी लागेल ते त्यांनी मला फोनवर विचारलं होतं, आणि एकशेवीसचा आकडा माझाच. जाळी आली. पण दगडूभाऊंनी तीनदा खुंट्या ठोकल्या, तिन्ही वेळा ती कमी पडली.

“तीनदा कमी पडते म्हणजे दोरी चुकीची, नाहीतर माणूस,” साहेब म्हणाले. “आज यांनी आखून दिलं आणि जाळी पुरली, तर दगडू, रविवारी इथली खोली रिकामी कर.”

“बारा वर्सं हितं हाय, साहेब. आता या वयात कुटं जाऊ?”

मी आधी दोरी मोजली. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. गावाकडे तेवढ्याच दोरीने गुंठे पाडतात. दोरी बरोबर तेहतीस फूट भरली.

“कशी आखली?”

“आदी दोन दोऱ्या रुंद, पाच लांब. एकवीस मीटर कमी. मग अडीच आन् चार. अकरा कमी. मग तीन रुंद केली, सात कमी. रुंद करल तसं कमी पडनं घटतंय, पर पडतंयच.”

दोरी बरोबर, आखणीही बरोबर; आता शंका माझ्याच आकड्याची. गाडीच्या बॉनेटवर डायरी ठेवून मी गणित मांडलं.

दहा गुंठे म्हणजे १०१२ चौरस मीटर. जाळी १२०, म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून ६०. एक बाजू x, तर दुसरी ६० वजा x. गुणाकार १०१२ हवा. समीकरण झालं: x² − ६०x + १०१२ = ०. यात x शोधण्याआधी दहावीतला विवेचक काढायचा. मधल्या आकड्याचा वर्ग घ्यायचा, त्यातून शेवटच्या आकड्याची चौपट वजा करायची. उत्तर उणे आलं तर असा x कुठेच सापडणार नाही.

३६०० वजा ४०४८. उणे ४४८.

“साहेब, असा आयतच होत नाही. अगदी तीस बाय तीसचा चौरस केला तरी नऊशेच चौरस मीटर भरतात. नऊ गुंठेसुद्धा नाहीत.”

“मग एकशेवीस आलं कुठून?”

“माझ्याकडून,” मी म्हणालो. लाज वाटली.

आमच्या धंद्यात माझा एक ठोकताळा होता, गुंठ्याला बारा मीटर. पंधरा-वीस गुंठ्यांना जाळी पुरून उरते. पण क्षेत्र लहान झालं की कुंपण त्या मानाने कमी होत नाही. अकरा गुंठ्यांना आणि त्याखाली हा ठोकताळा चालूच शकत नाही. तीस वर्षांत मी तो एकदाही तपासला नव्हता.

साहेबांनी मग दुकानात फोन लावून आणखी एक रोल मागवला. “राहू दे खोली,” एवढंच ते दगडूभाऊंना म्हणाले. माफी मी मागितली.

दगडूभाऊ डायरीत डोकावले. “म्हंजी ह्ये उणे आलं, म्हनून मी खोटा न्हाई?”

“नाही, भाऊ.”

“दोरी तर कवाधरनं त्येच सांगत व्हती.”

आता फोनवर कुणी जाळी विचारली की मी आधी विवेचक काढतो. अर्धं मिनिट लागतं. आणि जागेवर कुणी दोरी टाकून पाहिली असेल, तर ती किती कमी पडली हे त्या माणसालाच विचारतो.