अर्ध्या-अर्ध्या दोन बाया

आमच्यात लग्न झालं की पोरीचं नाव बदलतात. माझंही बदललं, त्याचं मला काही वाटलं नाही. घोळ झाला तो कोरोनाच्या सुईपायी. पहिली सुई मी आरमोरीकडे माहेरी घेतली, माहेरच्या नावानं. दुसरी लग्नानंतर सासरी, नव्या नावाचं आधार आल्यावर. झालं! सरकारच्या लेखी आम्ही दोघी झालो, एकेक सुई टोचलेल्या.

हे कळलं बाजाराच्या फाटकावर. तेव्हा दोन सुयांचा पास दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. सासू आणि मी तलावातले मासे टोपल्यांत घेऊन पोचलो. सासूचा पास चालला. माझा पाहून फाटकावरचा माणूस म्हणाला, "एकच डोस दिसून राह्यला. ही नाई जात आत." मासे दुपारपर्यंतच टिकतात, आणि दोन्ही टोपल्या एकट्या सासूच्यानं विकणं होत नव्हतं.

मी मोबाइलवर माहेरचा पासही दाखवला.

"नावं अलग, मंग बाया बी अलग," तो म्हणाला.

सासूनं कमरेवर हात ठेवले. "काऊन भाऊ, दोन अर्ध्या बाया मिळून एक पुरी नाई होत का?"

मागची रांग खो खो हसली. तोही हसला, पण फाटक काही उघडेना. "मले वरून हुकूम आहे, बाई. तुमी जा न आत, तुमचा पास बराबर आहे."

"इले सोडून? वा रे वा!" असं म्हणत सासूनं टोपली तिथंच फाटकाबाहेर धुळीत मांडली आणि फतकल मारून बसली. मलाही ओढून बसवलं. मग असा आवाज लावला की आतली गिऱ्हाइकं बाहेर आली. काय बाई आहे! मला रडू आणि हसू एकदमच येत होतं. ऊन तापायच्या आत टोपल्या रिकाम्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ती मला दवाखान्यात घेऊन गेली, दोन पासांचा एक करायला. तिथल्या बाईनं सासूलाच विचारलं, "यांचं कोणतं नाव ठेवू?"

"तिले इचारा. नाव तिचं आहे."

सासरचं नाव हिनंच तर हौसेनं ठेवलं होतं. शेवटी मी माहेरचं सांगितलं, आणि तिच्याकडे पाहायची हिंमतच झाली नाही.

दवाखान्यातली बाई लिहायचं सोडून सासूकडे पाहू लागली.

"काय पाहून राह्यल्या?" सासू तिच्यावर खेकसली. "लिव्हा. आधार आमी बदलून आणू."