शेवटचा तुकडा

चालता चालता मध्येच हात आडवा धरायचा आणि म्हणायचं, "थांबा, लाइन चालू आहे." ही मामांची सवय. तुम्ही सोबत असता तर तुम्हालाही थांबावं लागलं असतं. खाली पाहावं तर मुंग्या. शेवटची मुंगी पार झाली की हात खाली आणि अरबीत, "यल्ला," म्हणजे चला.

आखातात, खलिफा सिटीत आमची कंपनी व्हिला बांधायची. सगळ्यांचे मामा तिथे माळी, गाव गुहागरकडचं. मुंग्यांवर औषध मारायला सांगितलं की औषध हमखास संपलेलं असे.

एका शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला आले होते. टीव्हीवर पानं कापणाऱ्या मुंग्या दाखवत होते. काही झाडावर चढून तुकडे खाली टाकत, खालच्या ते उचलून अर्ध्या वाटेवर ठेवत, तिथून तिसऱ्याच नेत. "अंकल, दे आर शेअरिंग," माझी मुलगी म्हणाली. मामा हातात घास धरून बघत राहिले.

त्यांच्याकडे तेव्हा एक विलायती शिलाई मशीन पडून होतं, देश सोडून गेलेल्या एका मॅडमनं दिलेलं. सासरहून कायमची परत आलेली त्यांची मुलगी त्याची वाट बघत होती. तिला कुणाच्या तोंडाकडे न बघता जगायचं होतं. पण एवढं धूड नेणार कोण? सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या बॅगेत आधीच दहा घरांचं सामान.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर मागायला आले. मग चाक चिपळूणच्या सुताराबरोबर गेलं, मोटर एका फिटरबरोबर, पेडल तिसऱ्याबरोबर. वर्षभरात सगळं पोचलं, सुपारीहून जराशी मोठी बॉबिन केस सोडून. तिच्याशिवाय टाका पडत नाही, आणि तशी गावाकडे मिळत नव्हती.

मी चिडलो. पोरगी खोळंबलीय, द्या पाठवून, असं बरंच बोललो.

"तो माझा वाटा," मामा म्हणाले. "मशीन माझ्यासमोर चालू होऊ दे."

सुट्टी पुढे पुढे जात राहिली. आणि एका दुपारी रोपांना पाणी घालताना मामा खाली बसले, ते उठलेच नाहीत.

बॉबिन केस त्यांच्या खिशात होती, रुमालात बांधलेली. ती मी गुहागरला नेऊन दिली. त्यांची मुलगी बराच वेळ ती मुठीत धरून बसली. मशीन जोडून, तेल घालून तयारच होतं. मामांवर चिडल्याचं मला फार वाईट वाटत होतं.

तिनं केस बसवली, पाय पेडलवर ठेवला. कधी देशाबाहेर न गेलेली ती मुलगी हळूच म्हणाली,

"यल्ला."