कोरड्या कालव्यातल्या झोळ्या

इंदूताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते वळसंगच्या बालवाडीत. पालीच्या भीतीने त्या बाकावर चढून उभ्या होत्या. साठीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये, हे मला कळतं. पण ताईंच्या शिस्तीबद्दल, मायेबद्दल बाकीचे लिहितीलच. मी त्यांची मदतनीस, मला त्यांच्या भित्रेपणाबद्दल लिहायचं आहे.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांची मुलं सांभाळायला आम्हा दोघींना नदीकाठच्या कामावर पाठवलं. तिथे इंग्रजांच्या काळातला फुटका दगडी बंधारा होता आणि कालव्याच्या तोंडाशी होड्या चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेला खोल दगडी हौद. पाणी, दरवाजे, होड्या सगळं गेलेलं. दोन उंच भिंती आणि होड्या बांधायच्या लोखंडी कड्या तेवढ्या उरल्या होत्या. आसपास दुसरी सावली नव्हती. बाया त्या कड्यांना झोळ्या बांधून तान्ही पोरं निजवत. माझी तान्ही लेक सुशीही तिथेच निजायची.

एका भिंतीच्या पायथ्याचे दगड कुणीतरी काढून नेले होते आणि तिला भेग गेली होती. ताईंनी पहिल्या दिवसापासून धास्ती घेतली. भेग वाढते का ते कळावं म्हणून तिच्यावर शेणाचा पट्टा सारवून त्या येता-जाता तो निरखत.

"बाई, हितंच गारवा हाय की. उनात पोरं भाजायची व्हय?" बाया चिडत.

"मला लई भ्या वाटतंय गं," एवढंच ताई म्हणत.

एका दुपारी पट्टा मधोमध तडकला. मी दुष्काळात वाटायच्या सरकारी खाऊची, सुकडीची गाडी पाहायला रस्त्यावर गेले होते. भिंतीचं नाव काढलं असतं तर कुणी जागचं हललं नसतं. म्हणून ताई ओरडल्या, "सुकडी आली! पोर कडेवर असंल तिलाच मिळंल!"

बायांनी धावत जाऊन पोरं काढली आणि वर येऊन रांग धरली. सुकडी नव्हतीच. शिव्यांचा भडिमार चालू असताना मी परतले. सुशी कुणाच्याच कडेवर नव्हती. मी हौदाकडे धावले. तेवढ्यात ताई हौदातून वर आल्या. सुशीला छातीशी धरलेलं, ओठ पांढरेफटक, सगळं अंग थरथरत होतं. त्या आमच्यापर्यंत पोचल्या आणि मागे भिंत बसली.

धुरळा विरला. मग एकजण आपलं पोर चाचपू लागली आणि पाठोपाठ सगळ्याच.

आजही कुठे दगड घरंगळला की माझा हात सुशीकडे जातो. ताईंचा जवळ असेल त्या पोराकडे जातो.

ताईंनी शंभरी गाठावी. डोळे, कान, गुडघे धड राहावेत. आणि आमच्या पोरांसाठी त्यांनी असंच घाबरत राहावं.