टायपिस्टबाईंना भेटायला

डहाणू रोडला पहिला टॉवर उभा राहिला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. टॉवर म्हणजे चार मजले, तेही बिनलिफ्टचे. पण नव्वदच्या आसपास आमच्याकडे चार मजले म्हणजे आभाळाला हात. तलासरीहून एसटीने आलेली माणसं आधी मान वर करून मजले मोजायची, मग बाजारात जायची. त्याच टॉवरमध्ये दुसऱ्या मजल्यावर, खुद्द मालकांच्या ऑफिसात, मला टायपिस्टची नोकरी लागली आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात.

आईला मात्र तो टॉवर नजरेसमोर नको असायचा. ती वाणगावच्या शाळेत शिक्षिका. टॉवरच्या जागी पूर्वी मोकळा प्लॉट होता आणि त्यातून आमच्या गल्लीची पायवाट थेट स्टेशनला निघायची. पाच मिनिटांत माणूस पावणेअकराच्या शटलला हजर. आता वळसा घालून वीस मिनिटं लागायची, त्यात आईचा गुडघा दुखरा. वीस वर्षांत तिला एकही लेटमार्क नव्हता आणि रिटायर होईपर्यंत लागू द्यायचा नाही, हा तिचा हट्ट.

टॉवरला दोन दारं होती. मागचं आमच्या गल्लीत उघडायचं, पुढचं स्टेशन रोडवर. झालं, अख्खी गल्ली मागून शिरून पुढून निघू लागली. मालकसाहेबांनी पाटी लावली, 'कामाशिवाय प्रवेश नाही', आणि मागच्या दारात गंजाड गावचा एक म्हातारा वॉचमन बसवला. त्याच्या पुढ्यात रजिस्टर. कोण, कोणाकडे, काय काम, सगळं लिहायचं.

पहिल्याच सकाळी आई त्याच्या तावडीत सापडली.

"काय काम हाय, बाई?"

पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारी माझी आई पटकन म्हणाली, "मुलीला डबा द्यायचाय. दुसऱ्या मजल्यावर टायपिस्ट आहे." आणि स्वतःचाच डबा त्याच्या टेबलावर ठेवून पुढच्या दाराने स्टेशनला पळाली. तिची भाजी-पोळी मी खाल्ली, ती शाळेत उपाशी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी वेगळा डबा आणू लागली. रिकामा.

ही युक्ती गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? शेजारच्या काकू माझ्यासाठी सुईदोरा ठेवून भाजीला गेल्या. घोलवडला वाडीत पॅकिंगला जाणारे एक मामा रोज दोन चिकू ठेवायचे. कोपऱ्यावरचे किराणावाले शेठ रुमाल पुढे करून म्हणायचे, "टाइपवाळी बेनने आपवानुं छे," म्हणजे टायपिस्टबाईंना द्यायचंय. बाजाराला निघालेल्या एका बाईने तर जिवंत कोंबडी ठेवली. परतताना तिची ती घेऊन गेली, नाहीतर मी त्या कोंबडीला टाइपरायटरवर बसवणार होते.

वॉचमनला सगळं कळत होतं. "बाय, तुला लय माणसां भेटाया येतात," तो म्हणायचा आणि चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचा नाही.

महिनाअखेर साहेबांनी रजिस्टर उघडलं. पानापानावर एकच नाव, टायपिस्टबाई. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मी मालक. मला भेटायला महिन्यात सात माणसं आली. तुम्हाला रोज चाळीस. तुम्ही कोण, कलेक्टर?"

हसू नये हे कळत होतं, पण मला हसू आवरेना. साहेब काही हसले नाहीत. मागच्या दाराला कुलूप लागलं.

आई अर्धा तास आधी घर सोडू लागली. ऑफिस उघडायला मी लवकर यायचे, तेव्हा खिडकीतून ती दिसायची. कंपाउंडच्या भिंतीकडेने, छत्री टेकत, कोपऱ्यावर गुडघा धरून थांबलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या खुर्चीचा एवढा तोरा मिरवत होते, ती तिच्याच वाटेवर मांडलेली होती.

सुटका केली ती साहेबांच्या पोटाने. त्यांचं जेवण आमच्या गल्लीतल्या खानावळीतून यायचं. खानावळवाल्या मावशींनी निरोप धाडला, "कुलूप आहे तोवर मी काही वळसा घालायची नाही. भूक लागली तर साहेबांनी यावं." दोन दिवस शिपायाने गार आमटी आणली. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः उन्हातून वळसा घालून जेवून आले, घामाने निथळत खुर्चीत बसले आणि वॉचमनला म्हणाले, "कुलूप काढ. रजिस्टरही आत ठेव."

आता डब्याचं सोंग नको होतं. तरी दुसऱ्या दिवशी साडेदहाला आई कठडा धरत, धापा टाकत दोन मजले चढून आली. हातात डबा.

"अगं, आता डबा कशाला?"

"वेळ आहे हातात. म्हटलं, लेक बसते कुठे ते बघावं."

ती माझ्या खुर्चीत बसली. एका बोटाने टाइपरायटरचं एक बटण हळूच दाबलं आणि स्वतःच दचकली. मी डबा उघडला. माझ्या नावाच्या त्या डब्यात पहिल्यांदाच काही होतं, गरम शिरा. तेवढ्यात खिडकीतून लांब शटल येताना दिसली.

"आई, गाडी!" मी तिचा हात ओढला.

ती उठली नाही. "जाऊ दे गं. एक लेटमार्क तुझ्या नावाचा लागू दे."

शटल आली, थांबली आणि वाणगावकडे गेली. आम्ही दोघींनी एकाच चमच्याने शिरा संपवला.