बाबा, फोन आणि हयातीचा दाखला

सिनेमा करायचा तर आधी चांगला कॅमेरा हवा, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. फोर्टातल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कॅमेऱ्यांबद्दल वाचत बसायची आणि सुट्टी संपली की कॉम्प्युटरवरची ती खिडकी बंद करायची. मग एका रविवारी दादरला एका शिबिराला गेले. शिकवायला आलेल्या बाईंनी सगळ्यांना आपापला फोन टेबलावर ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "रोज एक शॉट घ्या. वाईट आला तर का वाईट आला ते शोधा आणि उद्या तोच परत घ्या."

मी तेवढंच केलं. आमची खोली करी रोडच्या चाळीत, उजेड येणार तो फक्त गॅलरीच्या दारातून. पहिल्या दिवशी आईला दारात बसवून शूट केलं तर आई काळी सावली आणि मागचा टॉवर लख्ख. दुसऱ्या दिवशी तिला जरा वळवलं, उजेड गालावरून आला, आणि मासे साफ करणारी माझी आई मला कधी दिसली नव्हती एवढी देखणी दिसली. हात हलायचा, म्हणून कोपर बरगडीला टेकवायला लागले. झूम करायचं सोडलं, त्याऐवजी दोन पावलं पुढे जायचं. सगळ्यात अवघड गेलं ते शॉट लवकर न तोडणं. माणसाचं काम झालं की माझं बोट लगेच बटणावर जायचं. पुढे पुढे काम झाल्यावरही थोडं थांबायची सवय लावून घेतली.

काही महिन्यांत मला कळलं की मला हे जमतंय. आता गोष्ट हवी होती, आणि ती घरातच घडली.

माझे बाबा आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर प्रभादेवीच्या एका छापखान्यात. त्यांची पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तो आता फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. त्या वर्षी फोन त्यांना काही केल्या मानेना. डोळे मिचकावा म्हणायचा, ते मिचकावायचे, तो परत मिचकावा म्हणायचा. बाबा चष्मा काढून, चष्मा घालून, केस विंचरून बसले. शेवटी काम झालं, पण जिवंत असल्याचं पटवून देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं ते मी पाहिलं होतं. मी ठरवलं, पहिली फिल्म हीच, आणि काम बाबाच करणार.

बाबा लगेच तयार झाले. तरुणपणी ते कामगारांच्या नाट्यस्पर्धांत काम करायचे. लालबाग-परळमधली जुनी माणसं अजून त्यांना त्यावरून ओळखतात. रविवारी सकाळी, शेजारच्या टॉवरचं काम बंद असताना, आम्ही सुरुवात केली. पंखा बंद, दाराशी खुर्ची, समोर फोन. मी "चला" म्हटलं आणि बाबांनी कपाळावर हात मारला, आढ्याकडे पाहिलं आणि खर्जात असा उसासा टाकला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

मी म्हटलं, जरा कमी करा. त्यांनी उसासा कमी केला आणि हात वाढवला. दोन-तीनदा तेच झाल्यावर ते चिडले, आणि चिडले की ते मालवणीवर येतात.

"आता तू माका अभिनय शिकवतलंस? शेवटच्या रांगेतल्या माणसाक काय दिसतला?"

"बाबा, शेवटची रांग नाहीच आहे. बघणारा तुमच्या नाकासमोर बसलाय."

ते उठून खाली निघून गेले. मी त्यांची समजूत घालायला गेले नाही. ते वर आल्यावर शूट केलेलं टीव्हीवर लावलं, आवाज बंद ठेवून. बाबांनी सगळं पाहिलं, मग पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहून म्हणाले, "हा माणूस नाटक करतोय." आणि कपबशी उचलून आत गेले.

पुढच्या रविवारी त्यांनी काहीच केलं नाही. चेहरा नुसता दगड. पण आता मला कुठे अडतंय ते दिसत होतं. त्यांना पुढे काय होणार ते आधीच माहीत होतं, म्हणून ते वाट बघत नव्हते. मी आईला कपाटाआड उभं केलं आणि फोनच्या सूचना तिला म्हणायला सांगितल्या. क्रम तिच्या मनाचा, बाबांना सांगायचा नाही. बाबांना एवढंच सांगितलं की ऐकाल तसं करा.

आईने अगदी फोनसारख्या कोरड्या आवाजात सुरुवात केली. मान वर करा. डावीकडे वळा. डोळे मिचकावा. पुन्हा मिचकावा. बाबा निमूटपणे करत गेले, मध्येच चष्मा शर्टाला पुसला. चेहरा हळूहळू उतरत गेला, उसासा न टाकता. सूचना संपल्या तरी मी चालूच ठेवलं. आईला वाटलं झालं, आणि ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "दमलात का हो?"

बाबांनी कपाटाकडे पाहिलं. क्षणभर गोंधळले, मग ओळख पटल्यासारखे हसले. बारीकसं, फक्त डोळ्यांत. ज्याला फोनने ओळखलं नाही त्याला कुणीतरी ओळखलं होतं. माझी फिल्म तिथेच पूर्ण झाली. दाखल्याचं पुढे काय होतं तो सगळा भाग मी काढून टाकला.

ती दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये, शिबिरातल्या सगळ्यांच्या फिल्म्सबरोबर दाखवली. आई जरीकाठाची साडी नेसून आली होती. तिचा आवाज आला तेव्हा लोक हसले आणि बाबांच्या हसण्याला गप्प झाले. मला त्या गप्प होण्याचं आश्चर्य वाटलं नाही. मला माहीत होतं ते तिथे होणार. नंतर एका तरुणाने विचारलं, कॅमेरा कुठला? मी फोन दाखवला. त्याला पटलं नाही, पण आईंनी प्रॅक्टिस किती दिवस केली हेही त्याने विचारलं, आणि आई दिवसभर खूश होती.

परवा गिरगावातल्या एका वाडीतून निरोप आला. त्यांची वाडी पाडायला काढली आहे, त्याआधी तिथल्या बायकांवर फिल्म करून हवी आहे. भेटायला गेले तर वाडीचे सेक्रेटरी माझ्या मागे बघत होते, सामान घेऊन आणखी कोणी येतंय का म्हणून. मी म्हटलं, मी एकटीच आहे. मग त्यांना सकाळचा उजेड कुठल्या जिन्यावर येतो ते विचारलं, आणि आम्ही जिना चढायला लागलो.