स्लायगोच्या घराची खिडकी

आज शेजारी कुणीतरी लाकडी दाराला जवसाचं तेल लावत होतं. त्या वासाने मला आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या आमच्या घरातला पहिला उन्हाळा आठवला.

घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. उंच छत, जाड दगडी भिंती आणि वर सरकवायच्या लाकडी खिडक्या, पण एकही उघडत नव्हती. त्या काढून प्लास्टिकच्या बसवायचं मी ठरवलं होतं.

साताऱ्याहून आलेल्या बाबांनी, आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माणसाने, चौकटीच्या बाजूची फळी अलगद काढली. आतल्या पोकळीत खिडकीचा भार तोलणारं एक लोखंडी वजन पडलं होतं. त्याची दोरी कुजून तुटली होती. बाबांनी नवी दोरी ओवली, खाचेतला जुना रंग खरवडून तेल लावलं आणि म्हणाले, “आता एका बोटानं उचल.”

खिडकी सरसर वर गेली. समुद्राचा गार वारा आत आला.

“कोण होता रे हा सुतार?” लाकडावरून हात फिरवत बाबांनी विचारलं. “जिथं कुणाला दिसणार नाही, तिथंही रंधा मारलाय त्यानं.”

त्याच दुपारी मी प्लास्टिकच्या खिडक्या रद्द केल्या.

कॉलेजात मी ‘वडिलांचा फर्निचरचा बिझनेस आहे’ असं सांगायचो. आता घरी कुणी नवीन आलं, की ती खिडकी उघडून दाखवतो आणि सांगतो, माझे वडील सुतार होते.