बाईसमोरची चौथी ओळ

"सांग की, तुझ्या आईला गावात काय म्हणायचे? बाई?"

हेडक्लार्कनं चारचौघांत विचारलं. मराठीत. मग बाकीच्यांना कळावं म्हणून हिंदीत. सगळे हसले. मीही हसलो.

छप्पन साली जुनी राज्यं मोडून नवं राज्य झालं, तेव्हाची गोष्ट. आम्ही नागपूरहून भोपाळला आलेले कारकून. कचेरीत चार मुलखांची माणसं. एकच शब्द प्रत्येकाला वेगळा कळायचा नि कागद अडायचे. म्हणून शब्दांची यादी करायचं ठरलं. लिहिणारा मी.

त्या दिवशी शब्द निघाला बाई. भोपाळचे मुन्शीजी म्हणाले, "हमारे यहाँ तो बर्तन माँजनेवाली." सागरकडे आईलाच बाई म्हणतात; तिथले बाबू उसळले, "हमाए इतै अम्मा खों बाई कत हैं, मुन्शीजी. ज़बान सँभालो!" मराठीत आदरानं म्हणतात, असं हेडक्लार्क म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलं. माझी जात त्याला नागपूरपासून ठाऊक.

आई पाटलाचं अंगण झाडायची. गावात मास्तरीण बाई, कुलकर्ण्यांची सून बाई. आई नुसती "ए".

इथवर सांगणं सोपं. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई तेव्हा माझ्याजवळच होती, भोपाळच्या जहांगीराबादेत, भाड्याच्या खोलीत. जात कळली असती तर खोली गेली असती. कुणी साधं "कहाँ के हो?" विचारलं तरी मला त्यात जातीच्या चौकशीचा वास यायचा. आईची बोली, हातावरचं गोंदण, सगळं चुगली करेल असं वाटायचं. घरमालकिणीनं विचारलं, "ये काम करती है आपके यहाँ?"

मी हो म्हणून मान हलवली. आई दारातच उभी होती.

यादीच्या त्या दिवशी घरी आलो, तर आई मालकिणीच्या मोरीवर भांडी घासत होती.

"आई, हे काय?"

"हळू बोल. कामाला आहे म्हणालास ना? तिनं बोलावलं. नाही म्हटलं असतं तर शंका आली असती तिला."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. चारच ताटं असतात रे."

तिचा राखेनं माखलेला हात धरला. मालकिणीला म्हणालो, "ये मेरी माँ हैं. अब जात भी पूछ लीजिए."

तिनं विचारली. मी सांगितली. सकाळी आमची ट्रंक रस्त्यावर होती.

कचेरीत हेडक्लार्कनं पक्की यादी मागितली. बाईसमोर तिघांचे तीन अर्थ. चौथी ओळ माझी: मराठीत आदरानं म्हणतात, जात बघून.

"खोड हे."

"तुम्ही खोडा. खाली सही करा."

त्यानं पेन उचललं नाही.

पुढे काही वर्षांनी आई वारली. त्या पंधरा दिवसांबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही. हेडक्लार्कचं हसू मी पचवलं. माझी हललेली मान पचत नाही.

त्यानंतर सहा खोल्या बदलल्या. उंबऱ्याबाहेरच जात सांगतो, चप्पल काढायच्या आधी. दार लावायचं तर त्यांनी लावावं. मान मी हलवणार नाही.